शेवंतीची झोपमोड

झाडे आणि मी यांचे संबंध पहिल्यापासून शेजारधर्माचे आहेत. म्हणजे आम्ही एकमेकांना ओळखतो, समोरासमोर आलो तर बरे वाटते, पण एकमेकांच्या घरगुती भानगडीत पडत नाही. तुळस, मनीप्लँट आणि कोथिंबीर एवढ्या तीन वनस्पती मी नावानिशी ओळखू शकतो, आणि त्यातलीही कोथिंबीर जुडी बांधलेली असेल तरच. तेव्हा एक शेवंती माझी झोप उडवील आणि मी तिची उडवीन, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. वाईचा वाडा विकायचे ठरले आणि वाटण्या झाल्या. मेहुण्यांनी तांब्यापितळेची भांडी घेतली. धाकट्या मेहुणीने झोपाळा घेतला. तो तिच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मावत नाही, म्हणून सध्या त्याच्या फळीवर ती इस्त्री करते. आणि आमची सौ. परत आली ती गोडेतेलाच्या जुन्या डब्यात शेवंतीचा एक फुटवा घेऊन.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून मी पुढचा प्रश्न गिळला.

ही वाईच्या परसातली पिवळी शेवंती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिचे पहिले फूल देवीला, दुसरे लेकीच्या केसात, असा सासूबाईंचा शिरस्ता होता. सासूबाईंशी माझा उभ्या आयुष्यात एकच वाद झाला, तोही याच शेवंतीवरून. लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. सौ. आईची चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून बसली होती. नवा जावई म्हणून मी फारच उत्साहात होतो. बायकोच्या केसात माळायला फूल आणावे म्हणून रात्री परसात गेलो आणि फांदीला हात घातला, तोच मागून आवाज आला, "जावईबापू, दिवेलागण होऊन गेली. आता झाडाला हात लावू नये. झोपलंय ते."

मी त्या काळी नुकताच बी.एस्सी. झालेला. तिसऱ्या वर्गात झालेलो असलो तरी शास्त्र ते शास्त्रच. मी म्हणालो, "झाडं झोपत नसतात, सासूबाई. झोपायला डोळे लागतात. झाडांना डोळे कुठं असतात?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या 'बरं'वर अपील नसे. मी हात हलवीत परत आलो.

तर ती शेवंती आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यात, मी जिथे पेपर वाचतो त्याच्या बरोबर समोर, कुंडीत स्थानापन्न झाली. कोपऱ्यात बसून एक अक्षर न बोलता माझ्या प्रत्येक हालचालीकडे पाहत राहणे ही सासूबाईंची जुनी पद्धत होती. कुंडीने तीच उचलली. एकदा माझ्या तोंडून सहज निघून गेले, "अगं, सासूबाईंना पाणी घातलंस का?" सौ.ने आधी डोळे वटारले आणि मग महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली. तेव्हापासून त्या झाडाचे नाव सासूबाई पडले ते पडलेच.

झाड दृष्ट लागावी असे वाढले. गणपतीपर्यंत गुडघ्याला लागले, दिवाळीपर्यंत कंबरेला. पण फूल नाही. मार्गशीर्ष आला. तिच्या वाईतल्या बहिणी तिकडे लदबदून फुलल्याच्या बातम्या फोनवरून आल्या, पण आमच्याकडे कळीसुद्धा नाही.

आपल्याकडे फूल न येणाऱ्या झाडावर आणि लग्न न जमणाऱ्या मुलावर सल्ला द्यायला कोणालाही परवाना लागत नाही. कोणी म्हणाले चहाचा चोथा घाला, कोणी म्हणाले अंड्याची टरफले. ताक, शेणखत, तांदळाचे धुवण, सगळे झाले. तळमजल्यावरच्या काकांनी झाडाला संगीत ऐकवायला सांगितले. मी एका सकाळी भूप गाऊन पाहिला. झाड जागचे हलले नाही. वरच्या मजल्यावरची खिडकी मात्र धाडकन बंद झाली.

"आईच्या हाताला गुण होता," एके रात्री सौ. म्हणाली. "माझ्या हाताला नाही." आणि थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "रागावली असेल."

कोण, ते मी विचारले नाही. सासूबाईंच्या आजारपणाचा फोन रात्री आला होता. ही तेव्हाच निघायचे म्हणत होती. "आता रात्रीचं कुठं? सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघू," असे मीच म्हणालो होतो. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्यावर ती मला आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता इथे मला एका दिव्याची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या सोसायटीत स्कूटरमधले पेट्रोल चोरीला जाऊ लागले होते. त्यावर वार्षिक सभेत ठराव मांडून आवारात एल.ई.डी.चा मोठा दिवा बसवून घेतला तो मीच. प्रकाशाचे मानवी संस्कृतीतील स्थान या विषयावर मी त्या सभेत वीस मिनिटे बोललो होतो. एकविसाव्या मिनिटाला लोकांनी घाईघाईने ठराव मंजूर केला. दिव्याचा खांब नेमका आमच्या गॅलरीसमोर उभा राहिला. उजेड असा की रात्री दोन वाजता गॅलरीत शब्दकोडे सोडवावे. पेट्रोलची चोरी थांबली, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिवा दाखवू लागलो.

गेल्या वर्षी नवरात्रात माझी पुतणी राहायला आली. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. म्हणजे काय करते हे माझ्या भावालाही नीट सांगता येत नाही. काकूने तिच्यापुढे शेवंतीची कैफियत मांडली. मला वाटले ही आता पाने उलटून बघेल, माती हुंगेल. तिने झाडाकडे पाहिलेच नाही. ती कठड्यापाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली.

"काका, हा दिवा इथं कधीपासून आहे?"

"दीड वर्ष झालं," मी छाती काढून म्हणालो. "मीच बसवून घेतला."

"रात्रभर असतो?"

"रात्रभर! एक मिनिट बंद नसतो."

"मग काका," ती म्हणाली, "तुमच्या शेवंतीची दीड वर्षात एकदाही रात्र झालेली नाही."

पुढचा तासभर माझी पुतणी बोलत होती आणि मी लहान होत होतो. ती म्हणाली की शेवंती रात्र मोजते. उन्हाळ्यानंतर दिवस आखडत जातात. आपल्याकडे जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला अकरा तासांचा. रात्र पुरेशी लांबली की शेवंती ओळखते, थंडीचे दिवस आले, फुलायला हवे. ही गोष्ट माणसाला कळली ती एका तंबाखूमुळे. अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड नावाचे दोन सरकारी शास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेतातली एक तंबाखू आमच्या सासूबाईंसारखीच नुसती वाढत सुटे, फुलण्याचे नाव नाही. खत झाले, पाणी झाले. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या दुपारी उचलून एका अंधाऱ्या खोपटात ठेवायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या असा उद्योग सुरू केला. तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी ते छापले.

"आणि गंमत म्हणजे," पुतणी म्हणाली, "झाड दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी एका रानझाडावर प्रयोग केला. दिवसा मध्येच अंधार केला, तर झाडाला त्याचं काही नाही. पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, की फुलणं बंद."

"म्हणजे दुपारची डुलकी धरत नाहीत. रात्रीची सलग झोप हवी," सौ. म्हणाली.

"अगदी तसंच, काकू."

"पण हे झाडाला कळतं कसं?" मी शेवटचा किल्ला लढवला. "त्याला डोळे कुठं असतात?"

हे वाक्य आपण पूर्वी कुठेतरी उच्चारले आहे याची जाणीव मला ते तोंडातून निघाल्यावर झाली. सौ.लाही झाली असावी. तिने माझ्याकडे फक्त पाहिले.

"डोळे नसतात, पण बघणं असतं," पुतणी म्हणाली. डार्विन म्हातारपणी आपल्या मुलाला बरोबर घेऊन गवताच्या कोवळ्या कोंबांना टोप्या घालीत बसला होता. उघडा कोंब उजेडाकडे वळे, शेंड्यावर टोपी घातलेला वळत नसे. म्हणजे उजेड कळतो तो शेंड्याला. १८८० साली त्याने हे पुस्तकात लिहिले. तो कोंब निळ्या प्रकाशाकडे वळतो. शेवंतीचे रात्रीचे पाहणे मात्र लाल प्रकाशाचे, आणि ते काम पानांत चालते. पानांच्या पेशींत फायटोक्रोम नावाचे प्रथिन असते. त्याच्या पोटात रंगद्रव्याचा एक लहानसा तुकडा अडकवलेला असतो. ६६० नॅनोमीटर लहरींचा लाल प्रकाश पडला की हा तुकडा चक्क कूस बदलतो, आणि त्याच्याबरोबर सगळे प्रथिन आपला आकार बदलून जागे होते. ७३० नॅनोमीटरचा, लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश पडला की ते पुन्हा झोपते. आणि कोणताच प्रकाश नसला, नुसता अंधार असला, तरी हळूहळू आपोआप झोपी जाते.

१९५२ साली अमेरिकेत बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि मंडळींनी सॅलडच्या पाल्याच्या बियांवर हा खेळ करून पाहिला होता म्हणे. लाल प्रकाश दाखवला की बी रुजायला तयार, अतिलाल दाखवला की बेत रद्द. पुन्हा लाल, पुन्हा तयार. असे कितीही वेळा करा, निकाल लागायचा तो शेवटी दाखवलेल्या प्रकाशाप्रमाणे.

"म्हणजे ज्याचा शेवटचा शब्द त्याचं खरं," मी म्हणालो. "मग हे शोधायला अमेरिकेत कशाला जायला हवं होतं?"

सौ.ने दुर्लक्ष केले. त्या शास्त्रज्ञांनाही लोक हसलेच होते. हे तुमचे रंगद्रव्य फक्त तुमच्या कल्पनेत आहे, असे म्हणायचे. १९५९ साली त्यांनी ते अंधारात वाढवलेल्या मक्याच्या रोपांत यंत्रावर दाखवून दिले, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

"आता तुमचा हा पांढरा दिवा," पुतणी म्हणाली. "त्याच्यात लाल प्रकाश असतोच. म्हणजे झाडातलं फायटोक्रोम जरा डोळा लागतोय म्हणेपर्यंत परत जागं. झाडाजवळ स्वतःचं घड्याळही असतं. रात्रीच्या कोणत्या प्रहरी उजेड आला हे ते ताडून बघतं आणि म्हणतं, अजून उन्हाळाच आहे. शेवंतीचं पान शेंड्याला निरोप पाठवतं. रात्र पुरेशी झाली तर 'फुला' असा, आणि झोपमोड झाली तर 'थांबा' असा. निरोप पानांतून जातो हे चायलाख्यान नावाच्या एका रशियातल्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात शेवंतीवरच दाखवलं, आणि हा 'थांबा'चा निरोप घेऊन जाणारं प्रथिन जपानी लोकांनी २०१३ साली शेवंतीतच शोधून काढलं. फुलांचे शेतकरी तर हे मुद्दाम करतात. बाजारभाव येईपर्यंत वाफ्यांवर रात्री दिवे लावून शेवंती थोपवून धरतात."

म्हणजे सासूबाईंच्या पानापानांत दीड वर्ष दररोज रात्री 'थांबा, थांबा' असे निरोप निघत होते आणि ते धाडणारा मी होतो. सौ.च्या हाताला गुण नव्हता असे नाही. माझ्या भाषणाला होता.

"म्हणजे आई रागावलेली नाही?" सौ.ने पुतणीला विचारले. ती हसत होती, पण प्रश्न खरा होता.

"नाही हो, काकू. तिला फक्त झोप मिळालेली नाही."

कुंडी इतकी जड की आत नेणे अशक्य. तेव्हा दसऱ्यापासून इलाज सुरू झाला. संध्याकाळी सहाला मी गव्हाचे रिकामे पिंप उलटे करून झाडावर ठेवू लागलो आणि सकाळी सातला काढू लागलो. चौथ्या दिवशी पुतणीने फोनवर विचारले, "पिंपात गरम होत नाही ना?" ऑक्टोबर महिना, पत्रा दिवसभर उन्हात तापलेला. मी हात घालून पाहिला तर आत भाकरी भाजली असती. ती म्हणाली, उकाड्याच्या रात्रींत शेवंती उशीर करते हे बागवानांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. आणि आणखी एक सांगितले. हे जे फायटोक्रोम, ते अंधारात आपोआप झोपी जाते ना, ते गारव्यात सावकाश झोपते आणि उकाड्यात लवकर. म्हणजे रात्री त्याच्या झोपण्याच्या वेगावरून झाडाला हवा किती गरम आहे तेही कळते. २०१६ साली केंब्रिजच्या आणि ब्वेनोस आयरिसच्या दोन गटांनी मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर हे दाखवले. उजेड मोजायला आणि ऊन-थंडी मोजायला एकच यंत्र! आमच्या घरी थर्मामीटर वेगळा, घड्याळ वेगळे, आणि तिन्हीत्रिकाळ दोन्ही सापडत नाहीत.

"माझी उलटी तऱ्हा आहे," मी म्हणालो. "उकाड्यात मला मुळीच झोप येत नाही."

"म्हणूनच तुम्हाला फुलं येत नाहीत," सौ. म्हणाली.

पिंप बाद झाले. अंधार तर करील पण कोंडणार नाही असे काहीतरी काळे हवे होते. छत्री लहान पडली, रेनकोट पत्र्याइतकाच उबणारा. कोजागिरीच्या संध्याकाळी सौ. ट्रंक उघडून बराच वेळ आत बसून होती. मग एक घडी घेऊन बाहेर आली. सासूबाईंची चंद्रकळा. तीच ती, संक्रांतीची.

"अगं, ही?"

"सुती आहे. हवा खेळेल. आणि काळी आहे," ती म्हणाली. "घडी मोडायला काहीतरी निमित्त हवंच होतं."

कुंडीत चार काठ्या रोवून त्यावर चंद्रकळेची चौपदरी घडी आम्ही दोघांनी मिळून पांघरली. वर गच्चीवर सोसायटीची मंडळी चांदण्यात दूध पीत होती. चंद्राचा उजेड चालतो का, असे मी फोन करून विचारून घेतले. तो इतका मंद असतो की झाडे सहसा त्याला जुमानत नाहीत, असा निर्वाळा मिळाला.

दोन आठवडे गेले. तीन गेले. कळी नाही. एका रात्री दोनच्या सुमारास सौ.ला गॅलरीत खुडबूड ऐकू आली. ती लाटणे घेऊन बाहेर आली तेव्हा चंद्रकळेच्या आत मुंडके घालून मी उभा होतो. हातात मोबाइल, मोबाइलचा टॉर्च चालू.

"हे काय चाललंय?"

"कळी आली का बघत होतो."

"रोज बघता?"

मी उत्तर दिले नाही, म्हणजेच दिले. सकाळी प्रकरण पुतणीकडे गेले. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "काका, हॅम्नर आणि बॉनर यांचं ते रानझाड असतं तर तुमच्या एका मिनिटाच्या टॉर्चनंही त्याचं फुलणं बिनसलं असतं. शेवंती तशी सोशीक आहे. पण तिचा अंत बघू नका." त्या रात्रीपासून मोबाइल सौ.च्या उशीखाली जाऊ लागला. पांघरूण मी घालायचे आणि तिने काढायचे असे ठरले. सहाच्या ठोक्याला मी जिथे असेन तिथून उठून घरी येऊ लागलो. कट्ट्यावरची मंडळी म्हणू लागली, "चालले सासूबाईंना झोपवायला." नोकरीत असताना मी साहेबासाठीसुद्धा इतका वक्तशीर नव्हतो.

मार्गशीर्ष लागला. पहिला गुरुवार कोरडा गेला. दुसऱ्या गुरुवारी सौ.ने सकाळी चंद्रकळा उचलली आणि नुसतेच "अहो" म्हणाली. मी दाढीचा साबण तसाच घेऊन धावलो. शेंड्याला हिरव्या मण्याएवढ्या पाच कळ्या होत्या. शेवटच्या गुरुवारी त्यातली तीन फुले उमलली. पिवळीधमक, वाईचीच. एक देवीला गेले. एक सौ.ने केसात माळले. तिसरे तसेच झाडावर राहू दिले.

संध्याकाळी मी सवयीने कठड्यापाशी गेलो. ती म्हणाली, "आता कळ्या उमलल्या. आता पांघरूण नसलं तरी चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. पण घातले. तीही काही म्हणाली नाही.

पुढच्याच रविवारी सोसायटीची सभा होती. आवारातल्या दिव्याला वरून पत्र्याची टोपी बसवावी, म्हणजे उजेड स्कूटरींवर पडेल आणि गॅलऱ्यांवर पडणार नाही, असा ठराव मी मांडला. चेअरमन चष्म्यावरून पाहत म्हणाले, "दिवा तुम्हीच मागितला होता. आता टोपी कशाला?"

"झोपमोड होते," मी म्हणालो.

"कुणाची?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "सासूबाईंची."

सासूबाईंच्या दहाव्याला सभेतले निम्मे लोक हजर होते. काही क्षण कोणी काही बोलले नाही. मग सेक्रेटरींनी वहीत घाईघाईने काहीतरी लिहिले, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक ठराव चर्चेशिवाय, एकमताने, आणि काळोख पडण्याच्या आत मंजूर झाला.